दोरीवरचं ओलं लुगडं

बसा हो सगुणाबाई, लाइट येईल तेव्हा येईल. कंदिलाची काच मी दुपारीच राखेने पुसून ठेवलीय. थंडीच्या दिवसांत आमच्या सिडकोत दिवेलागणीला वीज गेलीच म्हणून समजा. मितू आत बाळाला पाजते आहे, तुमचे व्याही शेजारी गप्पा मारायला गेलेत, आणि आपण दोघी विहिणी कधी नव्हे त्या निवांत बसलोय. चहा गार होतोय, घ्या.

तुम्ही दिंडोरीहून पाटी भरून बाळंतविडा घेऊन आलात, नातीला मांडीवर घेतलंत, आणि तुमची नजर गेली ती तिच्या मनगटावरच्या चिंधीवर. मग मितूच्या मनगटावर. तोंडाने तुम्ही काही बोलला नाहीत, पण विहीण कितीही गोड असली तरी तिच्या भुवया बोलतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर, मुलीचे वडील विहारात उभे राहून अंधश्रद्धेवर भाषण करणार, आणि बाळाला मात्र गंडा? हेच आलं ना मनात?

गंडा नाही तो. शेतकऱ्याची खूण आहे. आणि मघाशी माझ्याकडे बघून तुम्ही म्हणालात ना, ‘सुमनबाई, एवढ्या थंडीत तुमचे ओठ कसे फुटत नाहीत हो, चेहरा कसा टवटवीत दिसतो’, त्याचंही सांगते. पण ते शेवटी.

एकाहत्तर सालचा डिसेंबर. लढाई चालू होती, संध्याकाळ झाली की खिडक्यांना काळे कागद लावायचे. मी एक दिवस कुंभाराकडे परळ आणायला गेले होते. परळ म्हणजे ते पसरट मातीचं भांडं, कोंबड्यांना पाणी ठेवतात तसलं, पण मोठं. मला ते हवं होतं मितूच्या खाटेखाली ठेवायला. मितू तेव्हा तीन वर्षांची.

आम्ही मखमलाबादच्या रस्त्याला खंडेराव माळ्याच्या मळ्यात भाड्याने राहत होतो. त्या काळी आपल्या माणसांना गावात खोली मिळणं म्हणजे दहा दारं झिजवणं. खंडेरावाने मात्र जातपात विचारली नाही, ‘पाणी उपसून घ्याल ना?’ एवढंच विचारलं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर. पूर्वी ती जाड मातीच्या भिंतींची एकच खोली होती. त्याने भाड्याच्या सोयीसाठी आतून सिमेंट मारलं, शेणाची जमीन काढून शहाबादी फरशी टाकली, मधे भिंत घातली. खोली दिसायला झकपक झाली, पण हवा अशी कोरडी की विचारू नका.

नाशिकची थंडी मी तुम्हाला काय सांगायची? पण तुमच्या द्राक्षाच्या मळ्यात दव तरी असतं. आमच्या त्या खोलीत नायलॉनची साडी सोडली की चटचट ठिणग्या उडायच्या. अंगावर नख ओढलं की पांढरी रेघ. दाराची चौकट आक्रसून कुरकुरायची. टाचांच्या भेगांत गोधडीचे दोरे अडकायचे. आम्ही मोठी माणसं तेल लावून, ग्लिसरीन लावून निभावून नेत होतो. मितूचा मात्र रोज घोळणा फुटायचा. सकाळी उशीवर रक्ताचा डाग ठरलेला. रडायची नाही बिचारी, नाक चिमटीत धरून माझ्याकडे यायची. आणि खोकला असा कोरडा की ऐकणाऱ्याचा घसा सोलवटावा.

डॉक्टर म्हणाले, “पोरीला रोग काही नाही, तुमच्या घरातली हवा वाईट आहे. पण हे असंच चाललं तर छाती धरेल, आणि मग मी काही सांगू शकणार नाही. खोलीत शेगडी पेटवू नका. खाटेखाली पाणी ठेवा, दोरीवर ओलं कापड टाका, नाकात तुपाचं बोट फिरवा.”

शेगडी बंद म्हटल्यावर आमच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. पुतळाबाई त्यांचं नाव, माहेर-सासर दोन्ही देवळ्याकडचं, बोली थेट अहिराणी. शेगडीवर हात शेकत बसणं हे त्यांचं एकच सुख. पण नातीसाठी त्यांनी ते सोडलं, आणि वर आपलं जुनं सुती लुगडं मधून फाडून दिलं. “हे घे. पाणी धरी ठेवस,” म्हणाल्या. मी दिवे लावायच्या वेळेला ते विहिरीच्या पाण्यात भिजवायचे, पिळायचे आणि मितूच्या खाटेच्या डोक्याशी दोरीवर पसरायचे. खाली परळात पाणी.

चार-सहा दिवसांत फरक दिसला. उशीवरचा डाग लहान झाला, मग गेलाच. खोकला सैल पडला. पोरीच्या गालांवर तजेला आला. मला इतका आनंद झाला की मी शिकवायचे त्या बालवाडीतल्या सगळ्या पोरांना शेंगदाण्याची चिक्की वाटली.

आता गंमत ऐका. तशा हवेत ओलं लुगडं किती वेळ ओलं राहणार? झोपेपर्यंत काठ वाळून कडक व्हायचे. पण सकाळी बघावं तर ते पाण्याने जड झालेलं, खालच्या काठाला थेंब लोंबतायत. मला वाटलं, सासूबाई रात्री उठून पुन्हा भिजवतात. म्हातारं माणूस, असल्या थंडीत विहिरीच्या पाण्यात हात घालतं, हे मनात येऊन मला भरून यायचं. मी त्यांच्या भाकरीवर तूप वाढायला लागले, रात्री पाय चेपून द्यायला लागले. तिकडे सासूबाईंना वाटत होतं की मीच उठते. त्यांनी माझ्या भाजीला नावं ठेवणं बंद केलं. शेजारणींना सांगत सुटल्या, मनी सून सोनानी शे. घरात इतका गोडवा लग्न झाल्यापासून नव्हता. आमच्या ह्यांना छापखान्यात पाळ्या असायच्या, कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यांना काय, घरात दोन बायका भांडत नाहीत म्हटल्यावर सगळं जग ठीक चाललंय असंच वाटत होतं.

मग एका सकाळी मी चूल पेटवत होते. सासूबाई दोरीखाली उभ्या राहिल्या, लुगड्याचा काठ हातात धरला.

“सुमन, रातले किती खेपा उठनी तू? आजून गळी ऱ्हायनं हे.”

“मी? मी कुठे उठले? तुम्हीच उठता ना, आई.”

“मी नही उठनी माय. माले तर गोधडीबाहेर हात काढानी हिंमत नही.”

लुगड्याचा थेंब फरशीवर पडला, तो आवाज मला अजून आठवतो. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की खोलीत वास येतो आहे. पाण्याचा नाही. ओल्या गोणपाटाचा, आणि त्याच्याखाली दबलेल्या शेवंतीचा.

ह्यांना सांगितलं तर हे हसले. “शहाबादी फरशीला घाम येतो, सुमन. झरोक्यातून दव येतं. भूतबित काही नसतं.”

“मी कुठे भूत म्हटलं?” मी म्हणाले.

तेवढ्याने थांबतील ते आमचे मल्हारी कसले. त्या संध्याकाळी रात्रपाळीला जाण्याआधी त्यांनी ते लुगडं उन्हात वाळवलेलं, कडकडीत, तसंच कोरडं दोरीवर टाकलं, परळातलं पाणी ओतून दिलं, झरोक्यात कागद कोंबला. म्हणाले, “आता बघू.” सकाळी सायकल टेकवून आत आले, तर लुगडं ओलंचिंब. झरोक्यातला कागद जागच्या जागी. परळ काठोकाठ भरलेला. ह्यांनी चहा घेतला. नंतर बाहेर जाताना मोजे घालायचे विसरले, एवढंच.

खरं सांगू का, मला भीती नाही वाटली. पोर बरी होत होती. जे कोणी होतं ते माझ्या मुलीला पाणी देत होतं, आणि आईला त्याहून जास्त काय पाहिजे असतं? मी रोज लुगडं टाकताना मनात म्हणायचे, तू जी कोणी असशील, तुझं भलं होवो.

खंडेराव विहिरीवर मोट बघायला आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आमच्या खोलीत पूर्वी काय होतं हो?”

“ती आमची फुलांची खोली,” तो म्हणाला. “दिवसभर तोडलेलं फूल रातीला तिथं ठेवायचं. मातीच्या भिंती, लय गार राहायची. आमची आत्या व्हती, सरुबाई. बालविधवा. सारा जलम त्याच खोलीत काढला तिनं. फुलांवर ओलं गोणपाट टाकायची, आन रातभर उठून उठून पाणी मारायची. म्हणायची, फूल तहानलं का हाक देतंय, मला झोप लागत नाय.”

“कधी वारल्या?”

“चार-पाच सालं झाली. असल्याच थंडीत. पाटी भरून डोक्यावर घ्यायला वाकली, ती तिथंच उंबऱ्यात बसली. फुलं मातर ताजी व्हती हां... दुपारपरेंत.” मग त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. “का वो बाई? काय दिसलं का?”

“नाही, नाही. खोली छान आहे.”

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या खूश. म्हणाल्या, बिचारीना हात रिकामा नही बसना. प्रतिज्ञेप्रमाणे आम्ही ना नैवेद्य दाखवू शकत होतो ना उतारा टाकू शकत होतो, आणि तसं करावंसं वाटलंही नाही. पण सासूबाई संध्याकाळी लुगडं टाकताना आपल्या शेजारणीशी बोलावं तशा बोलायला लागल्या. “सरू, आज थंडी जास्त शे बरं का.” ह्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढे संक्रांत झाली. लढाई संपली होती, खिडक्यांचे काळे कागद काढून मी चुलीत घातले होते. शेजारच्या वाफ्यात लंकाबाई फुलं करायची. तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. तिच्याकडे तिळगूळ द्यायला गेले तर ती झेंडू तोडत होती. एका ओळीतली चार-पाच झाडं तिने तशीच सोडली. त्यांवरची फुलं सगळ्यांत मोठी, डेरेदार, आणि प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी.

“ही का सोडली?” मी विचारलं.

“ती बियाची. चिंधी बांधली का त्याला कुनी हात लावायचा नाय, पार देवाला लागलं तरी नाय. गडीमानसं अंधारात तोडतात ना, खूण नसली तर तेबी पाटीत जातंय.”

मी गंमत म्हणून तिला सांगितलं की आमच्या खोलीतल्या आत्याबाई माझ्या मुलीला फुलासारखं जपतात. लंकाबाई हसली, पण हात चालूच होते तिचे. मग हसू हळूहळू गेलं.

“सुमनबाई,” ती म्हणाली, “फुलाला पानी फुलासाठी मारतात व्हय? बाजारासाठी मारतात. रातभर जपायचं, आन दिस उगवायच्या आत... पाटीत घालून न्यायचं.”

महिनाभर मी जिला दुवा देत होते, ती माझ्या पोरीला कशासाठी ताजी ठेवत होती?

मी धावत घरी गेले. मितू ओट्यावर सासूबाईंजवळ बसून हरभरे सोलत होती. गाल असे टवटवीत, ओठ ओले, लालचुटुक. आधी तेच बघून मला सुख वाटायचं. त्या दिवशी बघवेना.

त्या रात्री मी लुगडं टाकलं नाही. मितूला माझ्या कुशीत घेतलं, दाराला वरची कडी घातली. ती कडी इतकी उंच की मलाच टाचा उंचवाव्या लागत. हे रात्रपाळीला गेले होते. जागी राहायचं ठरवलं होतं, पण दिवसभराच्या कामाने डोळा लागला.

जाग आली ती गारठ्याने. पहाट होत होती. दार सताड उघडं होतं आणि कुशीत मितू नव्हती.

उंबऱ्यापाशी आमची मोठी पाटी ठेवलेली होती. एरवी ती मोरीजवळ असायची, धुण्याची. तिच्यावर लुगडं पांघरलेलं होतं, ओलं, चारी बाजूंनी काठ आत नीट खोचलेले. फुलांची पाटी झाकतात ना, अगदी तसं. बाहेर धुकं होतं, आणि फुलबाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर बायकांच्या पाट्या निघाल्या होत्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज लांबून येत होता. खोलीत शेवंतीचा वास इतका दाटला होता की श्वास जड व्हावा.

मी लुगडं ओढून काढलं. आत मितू. मुटकुळं करून झोपलेली, अंग कोमट, श्वास शांत. मी तिला उचललं तेव्हा तिने डोळे किलकिले केले.

“आई... आजी म्हणाली, उजाडायच्या आत जायचं...”

“कोणती आजी, मितू? पुतळाआजी?”

“नाही... ती...” आणि तिने माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं, उंबऱ्याकडे. मी वळून बघितलं नाही. तशीच पोरीला घेऊन सासूबाईंच्या अंथरुणात शिरले. त्यांनी आम्हा दोघींवर आपली गोधडी ओढली. त्याही जाग्या होत्या.

हे आले तेव्हा आम्ही तिघी तशाच बसलो होतो. सगळं सांगितलं. म्हणाले, “आईने झोपेत केलं असेल.” म्हणाले, “लंकाबाईने तुझ्या डोक्यात भरवलं.” मग वरची कडी बघितली, आपली आई बघितली, चार फूट काही इंच, आणि पाटी उचलून मोरीपाशी नेऊन ठेवली. खोली सोडायची तर जायचं कुठे? आणि कुठेही गेलो तरी थंडी महिनाभर बाकी होती. एक रात्र लुगडं टाकलं नाही तर माझ्या कुशीत होती तेवढ्या वेळातच मितूच्या नाकातून पुन्हा रक्त आलं होतं, उशीवर डाग होता. पाणी नको म्हणायची सोय नव्हती, आणि हवं म्हणायची छाती नव्हती.

तेव्हा मला त्या लाल चिंध्या आठवल्या.

मी म्हणाले, “हिला चिंधी बांधू या. बियाण्याची.”

ह्यांचा चेहरा कठोर झाला. “सुमन, माझ्या बापाने स्वतःच्या गळ्यातले गंडेदोरे काढून गंगेत टाकले. त्याच्या नातीच्या हाताला मी दोरा बांधू?”

त्यावर सासूबाई बोलल्या. नवऱ्यासोबत त्यांनीही दीक्षा घेतली होती, त्यांना कोण काय शिकवणार? “मल्हारी, आपला देवळा गावले कांदा काढतस, तव्हय चांगला कांदा बियाले बाजूले ठेवतस ना? त्याले काय कोन्ही गंडा म्हनस? शेतकरीनी खूण शे ती. ती बाई शेतकरी व्हती. तिले तिनी भाषामा सांग.”

हे उठले, आपला जुना निळा सदरा काढला, बाही फाडली, आणि तिची पट्टी करून स्वतःच्या हाताने मितूच्या मनगटाला बांधली. गाठ मारताना म्हणाले, “ही खूण आहे. बाकी काही नाही.” मला त्या माणसाचा तेव्हा जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या कुठल्या भाषणाने वाटला नाही.

संध्याकाळी मी लुगडं भिजवून दोरीवर टाकलं, पाटी मुद्दाम उंबऱ्यापाशी ठेवली आणि रिकाम्या खोलीला मोठ्याने म्हणाले, “सरुआत्या, ही बियाण्याची आहे. ही बाजारात जायची नाही. हिला पाणी दे, पण हिला तोडू नकोस.”

त्या रात्री हे पाळीला गेले नाहीत, आम्ही चौघं एका अंथरुणात झोपलो. सकाळी मितू आमच्यात होती. नाक स्वच्छ. लुगडं ओलंचिंब. आणि पाटी भिंतीशी पालथी घातलेली. बाजार नसेल त्या दिवशी माळी लोक घालतात तशी.

मग काय, आठ वर्षं राहिलो आम्ही त्या खोलीत. दर थंडीला नवी चिंधी, दर सकाळी ओलं लुगडं. मितूला पुन्हा घोळणा म्हणून फुटला नाही. शेजारपाजारची पोरं खोकायची, आमची गात हिंडायची. ती पहाट मी विसरले नाही, पण सरुआत्यावर राग धरणंही जमलं नाही मला. त्या घरातले दिवस सुखाचेच होते. सासूबाई तिथेच गेल्या, झोपेत, समाधानाने. नंतर आम्हाला सिडकोत हे घर मिळालं. इथे मी थंडीत ओलं फडकं टाकायचे, ते दोन तासांत वाळून पापड व्हायचं. मग मी समजले की ती त्या खोलीचीच, तिथेच राहिली. जरा चुकल्यासारखंही वाटलं.

यंदा मितू बाळंतपणाला आली. बाळ जन्मलं आणि पाठोपाठ ही थंडी. बाळाचं नाक कोरडं होऊन कुरकुरायला लागलं म्हणून मी ट्रंकेतलं ते जुनं लुगडं काढलं, भिजवलं, दोरीवर टाकलं. सकाळी बघते तर... ओलं. काठाला थेंब. खोलीत शेवंती.

मला रडूच आलं हो, आनंदाने. एवढी वर्षं झाली, मखमलाबाद कुठे, सिडको कुठे, पण बियाण्याला बी धरलं हे तिला कळलं. ह्यांनी पुन्हा एक सदरा फाडला, यावेळी कुरकुर न करता, आणि मायलेकींना चिंध्या बांधल्या. तुम्ही बघितल्यात त्या ह्याच. दोघी सुखरूप आहेत, तुम्ही निर्धास्त राहा.

आता माझ्या ओठांचं. या थंडीत ग्लिसरीनची बाटली मी उघडलेली नाही. टाचा मऊ आहेत. बालवाडीतल्या बाया विचारतात, सुमनबाई, वय उतरलं का तुमचं? मला वाटलं, बाळाच्या खोलीत झोपते, त्या ओलीचा गुण मलाही लागतो. परवा पहाटे जाग आली तेव्हा लुगडं बाळाच्या बाजूला नव्हतं. माझ्या खाटेच्या वर होतं. थेंब माझ्या उशीवर पडत होते.

मितूला सांगितलं तर पोर पांढरी पडली. तिने काल संध्याकाळी हट्टाने माझ्याही मनगटाला चिंधी बांधली, दोन गाठी मारून. मी हसत होते. म्हटलं, अगं, माझं बी धरून झालं, मी कसली आता बियाण्याची? आज सकाळी उठले तर मनगट मोकळं होतं. चिंधी सोडवून, धुऊन, पिळून दोरीवर वाळत घातलेली होती, लुगड्याच्या शेजारी. मितूची आणि बाळाची मात्र जागच्या जागी.

घाबरू नका. मी नाही घाबरले, खरंच. पोर जगली, पोरीची पोर जगतेय. रात्री तुमचं अंथरूण मितूजवळ घातलंय, दाराकडे मी झोपते.

फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही आणलेली पाटी मी लाडू काढून घेतल्यावर आपल्या हाताने पालथी घातली होती, तिकडे मोरीपाशी. मघाशी कंदील आणायला गेले तर ती उंबऱ्यापाशी होती. सरळ. आत ओलं फडकं अंथरलेलं.

तुम्ही ठेवलीत का ती तिथे, सगुणाबाई?